गाडीखालच्या बाई

जळकोटच्या जिल्हा परिषद शाळेत मी बदलून आले, त्या दिवशी हेडमास्तरांनी मला वर्ग दाखवला, हजेरीपट दाखवला, पाण्याची टाकी दाखवली आणि शेवटी खिडकीतून बोट करून म्हणाले, “आणि तिथं गाडीखाली पाय दिसतायत ना, त्या बनसोडेबाई. चौथीला शिकवतात.”

मधली सुट्टी होती. शाळेच्या मागं लिंबाच्या सावलीत एक जुनी डिक्कीवाली गाडी उभी होती. रंग कधीकाळी सोनेरी असावा, आता वाळल्या कडब्यासारखा दिसत होता. पुढचं एक चाक काढून बाजूला ठेवलेलं, गाडी जॅकवर, आणि जॅकवर भरवसा नको म्हणून खाली लाकडाचे दोन जाड ठोकळे सरकवलेले. तिथून दोन अनवाणी पाय बाहेर आले होते. बोटांत चांदीची जोडवी. शेजारी दोन पोरी मांडी घालून सतराचा पाढा म्हणत होत्या. एक अडखळली तसा गाडीखालून आवाज आला, “सतरा साते?”

“एकशे एकोणीस.”

“येतंय की! मग अडलीस कशाला? म्हण पुढं.”

घंटा झाली तशा बाई सरकत बाहेर आल्या. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवलेला, कपाळावर ग्रीसचा एक फराटा. मला बघून म्हणाल्या, “नवीन बाई व्हय? या. हात देत न्हाय, काळे झालेत.” डिक्कीतून त्यांनी एक डबी काढली. तिच्यात खोबरेल तेल आणि साखर कालवलेली होती. ते हाताला चोळलं, हात खसाखसा धुतले आणि पाच मिनिटांत त्या फळ्यावर अपूर्णांक लिहीत उभ्या होत्या.

पुढची सहा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या वर्गात तिसरीला शिकवलं. आमच्या दोन वर्गांत एक लाकडी पार्टिशन होतं, त्यामुळं बाईंची शिकवणी मला निम्मी ऐकू यायची. बाईंचा आवाज कधी चढायचा नाही. पोराचं गणित चुकलं की त्या “चूक” म्हणायच्या नाहीत. “कुठं बिघडलं ते शोध,” म्हणायच्या. “उत्तराकडं बघू नको. मागं मागं जा. जिथपर्यंत बरोबर हाय तिथं बोट ठेव.” ही भाषा गाडीतून वर्गात आली की वर्गातून गाडीत गेली, हे मला कधीच कळलं नाही.

गाडी मुळात त्यांच्या मिस्टरांची. प्रल्हाद बनसोडे कृषी खात्यात होते. शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन किडी ओळखणारा, शांत, किडकिडीत माणूस. उमरग्याच्या एका डॉक्टरांकडून त्यांनी ती गाडी जुनीच घेतली होती आणि तिचं सगळं घरी करायचे. रविवारी सकाळी बनियनवर, बॉनेट उघडून बसायचे. मुलगा सुमेध शिकून पुण्याला नोकरीला लागला. घरात दोघंच. बाई सांगायच्या, “मला गाडीतलं बसायचं तेवढं माहीत. पेट्रोल कुठल्या बाजूनं भरतेत ते पण ठावं नव्हतं.”

मग साहेबांच्या किडन्या गेल्या. दर बुधवारी आणि शनिवारी सोलापूरला डायलिसिस. जळकोटहून साठ किलोमीटर जाणं, साठ येणं. सुरुवातीला ते बसनं गेले. येताना अंगात त्राण राहायचं नाही, उलट्या व्हायच्या, बसमध्ये लोक सरकून बसायचे. तेव्हा बाई सेहेचाळिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकल्या. शनिवारी शाळा सकाळची असायची आणि बुधवारी त्या अर्धी रजा टाकायच्या. मी आल्यापासून बुधवारी दुपारी चौथीचा वर्ग माझ्याकडं.

गाडी दुरुस्तीला त्यांचा हात लागला तो एका बुधवारनंतर. मी यायच्या आधीची ही गोष्ट. मला ती दोघांनी मिळून सांगितली, एकानं सुरू करायची, दुसऱ्यानं दुरुस्त करायची. चैत्रातलं ऊन. इटकळच्या पुढं गाडी बंद पडली ती पडलीच. बाईंना बॉनेट उघडायची कळ कुठं असते तेसुद्धा माहीत नव्हतं. साहेब उतरून सांगायला गेले आणि दोन पावलांत धाप लागून रस्त्याकडेच्या दगडावर बसले. आधीच शनिवारची पाळी मशीन बंद म्हणून चुकली होती. अंगात पाणी साठलेलं, चेहरा सुजलेला, श्वास घेताना घुर्र घुर्र आवाज. मेकॅनिकला फोन केला, तो म्हणाला दोन तास लागतील. बाई हायवेवर पदर हलवत उभ्या राहिल्या. ट्रक थांबेनात, कार थांबेनात. शेवटी भाजीचा एक टेम्पो थांबला. कोथिंबिरीच्या गड्ड्यांवर साहेबांना निजवून नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं.

आणि बिघाड काय होता? बॅटरीच्या टोकाला पांढरा हिरवा मळ साचून वायर सैल झाली होती. मेकॅनिकनं ती हातानं नुसती दाबली आणि गाडी सुरू झाली.

“नुसती दाबली,” बाई मला सांगताना दोन बोटांची चिमूट करून दाखवायच्या. “माणूस मरायला लागलं हुतं आन् वायर दाबायची हुती.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतली एक शंभर पानी वही घेतली. साहेबांना अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, बॉनेट उघडलं आणि म्हणाल्या, “चवथीच्या लेकराला शिकवतेत तसं शिकवा. मला काहीच येत न्हाय, असं धरून चाला.”

तिथून त्या खुर्चीतल्या माणसाचा आणि गाडीखालच्या बाईचा संसार नव्यानं सुरू झाला. साहेबांच्या डाव्या हातात डायलिसिससाठी शिरा जोडलेल्या होत्या, त्या हातानं काही उचलायचं नाही. म्हणून ते सांगायचे आणि बाई करायच्या. बॅटरीची वायर सोडताना आधी वजा बाजू. टोकावरचा मळ खायच्या सोड्याच्या गरम पाण्यानं धुवायचा, मग व्हॅसलिन लावायचं. इंजिन तापलं असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, म्हणजे नाहीच. वहीत बाईंनी विषय पाडले होते: ‘सुरू होत नाही’, ‘गरम होते’, ‘वास येतो’, ‘आवाज येतो’. प्रत्येकाखाली ओळीनं काय काय तपासायचं ते. आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा ओढून: आधी सोपं बघायचं.

रेडिएटरमध्ये पाणी ओतताना साहेब टक लावून बघायचे. त्यांना दिवसाला मोजून दोन फुलपात्रं पाणी. एकदा मी तिथं असताना म्हणाले, “बघा सुरेखाताई, काय नशीब. गाडीला पाहिजे तेवढं पाणी. मालकाला मात्र ओठ ओले करायला.” आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. बाटलीचं झाकण लावून त्या आत निघून गेल्या.

आवाजाचा विभाग मात्र साहेबांचा. बाई गाडी सुरू करायच्या आणि ते खुर्चीत डोळे मिटून बसायचे. कपाळाला आठी, मान किंचित कलती. बराच वेळ काही बोलायचे नाहीत. अशा वेळी मध्ये बोललं की बाई ओठांवर बोट ठेवायच्या, “गप. ऐकतायत.” मग ते डोळे उघडून म्हणायचे, “पट्टा सैल हाय.” आणि पट्टा सैल असायचा.

स्टँडजवळ अन्वरभाईंचं गॅरेज होतं. भला माणूस. पाना लागला, जॅक लागला की बाई त्यांच्याकडून आणायच्या. एका उन्हाळ्यात गाडी फार तापायला लागली. अन्वरभाईंनी बघितली, चुकचुकले आणि म्हणाले, “बाई, हेड का काम दिसतंय. इंजिन खोलावं लागंल. आठ दिवस तरी राहू द्या इथं.”

“आठ दिवसांत दोन येळा सोलापूर हाय माझं.”

“मग दुसरी गाडी बघा तवर.”

बाईंनी गाडी घरी आणली आणि वही उघडली. ‘गरम होते’ या पानावरचं एकेक तपासत गेल्या. पाणी बरोबर. गळती नाही. नळ्या शाबूत. मग त्यांच्या ध्यानात आलं की एवढी तापूनही रेडिएटरचा पंखा फिरत नाहीये. इंजिनाचा दोष नव्हताच, पंख्याला वीज पोचत नव्हती. साहेब खुर्चीतून म्हणाले, “फ्यूजच्या डब्यात काळ्या चौकोनी डब्या हायेत बघ, रिले म्हणतेत त्याला. पंख्याची आन् हॉर्नची डबी सारखीच असती. हॉर्नची काढून पंख्याला लाव.”

लावली. पंखा भर्रकन फिरला. बाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि लहान पोरीसारख्या जागच्या जागी उड्या मारल्या. मी हे डोळ्यांनी बघितलंय, कारण त्या शनिवारी मलाही सोलापूरला जायचं होतं आणि मी पिशवी घेऊन अंगणात उभी होते.

आता पंखा होता, पण हॉर्न नव्हता. आणि रस्ता हायवेचा. साहेब म्हणाले, “चला, हॉर्न मी हाय.” त्यांनी डब्याचं स्टीलचं झाकण घेतलं, चमचा घेतला, काच खाली केली आणि अणदूर येईपर्यंत म्हशी, मोटरसायकली, उसाच्या बैलगाड्या, सगळ्यांना ठणाठण झाकण वाजवत बाजूला केलं. एक म्हातारा दचकून शेतातच उतरला. साहेब हसता हसता खोकत होते, बाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, “अहो पुरं करा, मला रस्ता दिसंना!” त्या दोघांना इतकं हसताना मी आधी बघितलं नव्हतं, आणि नंतरही बघितलं नाही.

सोमवारी अन्वरभाई शाळेत आले. व्हरांड्यात उभं राहून म्हणाले, “बाई, गलती झाली आमची. आजपासून तुमी गिऱ्हाईक न्हाय, उस्ताद.” बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, “उस्ताद घरी खुर्चीत बसलेत. मी नुसते हात हाय.”

‘आधी सोपं बघायचं’ हे त्या वर्गातही पाळायच्या. चौथीत एक पोरगी होती, वाचायचीच नाही. मी तिला तिसरीत वर्षभर मतिमंद समजत होते, आज हे लिहिताना लाज वाटते. बाईंनी आठवडाभर तिला नुसतं बघितलं. मग फळ्यावर तळहाताएवढं एक अक्षर काढलं आणि तिला मागच्या बाकापासून एकेक पाऊल पुढं यायला लावलं. फळ्यापासून तीन पावलांवर आल्यावर ती म्हणाली, “घ.” बाईंनी त्याच बुधवारी तिला आणि तिच्या आईला गाडीत घालून सोलापूरला नेलं. साहेब मशीनवर, आणि पोरगी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं. चष्मा लागला. महिन्यात ती धडा वाचायला लागली. बाई मला एवढंच म्हणाल्या, “इंजिन खोलायच्या आधी बघावं गं, सुरेखा.” मला कुणाचंच बोलणं तेवढं लागलेलं नाही.

पण सगळंच शोधून सापडत नव्हतं. बाईंनी आपली किडनी द्यायची तयारी केली होती. तपासण्या झाल्या, जुळलं नाही. सुमेधची जुळेल असं वाटत होतं, पण त्याच्या तपासणीत साखर निघाली, तिशीच्या आत. डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. तो निकाल आला त्या दिवशी बाई शाळेत आल्या, पाच तास शिकवलं, आणि शाळा सुटल्यावर लिंबाखाली बॉनेट उघडून उभ्या राहिल्या. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. मी जवळ गेले. त्या फ्यूजच्या डब्याकडं बघत होत्या.

“हॉर्नची डबी काढली आन् पंख्याला बसली,” त्या म्हणाल्या. “चटकन बसली बघ. माणसाचं तसं का न्हाय गं?”

मी बॉनेटवर हात ठेवून उभी राहिले. ते अजून गरम होतं.

मी आल्यानंतर तिसऱ्या वर्षी साहेब थकले. अंगाला खाज, झोप नाही, जेवण नको. एका संध्याकाळी मी वर्गाची पेपरं द्यायला त्यांच्या घरी गेले तर दोघांचं भांडण चाललेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ते दोघं, आणि मध्ये न जेवलेलं ताट.

“गाडी विकून टाक आता,” साहेब म्हणत होते. “तुझी रिटायरमेंटची सहा वर्षं राहिलीत, त्या लोखंडाखाली झोपून पाठ मोडून घेतलीस. बास झालं.”

“गाडी विकली की तुमी जायला मोकळे, व्हय?”

“शांता, मी काय मुद्दाम चाललोय का?”

“मग बुधवारी पावणेबाराला तयार राहा.” त्यांनी ताट उचललं आणि माझ्याकडं वळून, अगदी शाळेतल्या आवाजात विचारलं, “चहा टाकू?”

ते तयार राहिले. पुढं वर्षभर, दर बुधवारी, दर शनिवारी. त्या काळात गाडी एकदाही रस्त्यात थांबली नाही. आदल्या संध्याकाळी बाई ऑइल बघायच्या, पाणी बघायच्या, चाकांची हवा बघायच्या, बेल्टवर अंगठा दाबायच्या. सगळं झालं की बॉनेट लावून त्यावर दोनदा थोपटायच्या, जनावराच्या पाठीवर थोपटावं तसं.

तो बुधवार पौषातला होता. दुपारी मी त्यांचा वर्ग घेत होते. दोनच्या सुमारास फोन आला.

“सुरेखा, उद्याचा पण माझा वर्ग बघशील का?”

“बघते की. का बाई, उशीर होणार का?”

“हे गेले.”

पलीकडं कुणीतरी स्ट्रेचर सरकवत होतं, त्या चाकांचा आवाज येत होता. बाई म्हणाल्या, “पोरांची आज भागाकाराची उजळणी घे. मी सांगितलं हुतं त्यांना.” आणि फोन ठेवला.

हेडमास्तर आणि मी मिळेल त्या गाडीनं सोलापूरला पोचलो. बाई दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसल्या होत्या, पर्स मांडीवर, हात पर्सवर. रडलेल्या दिसत नव्हत्या. साहेब वाटेतच गेले होते. दवाखान्याच्या दारात गाडी लावून त्यांनी हाक मारली, दार उघडलं, आणि मग कळलं.

साहेबांना गाडीतून नाही, शववाहिकेतून न्यायचं ठरलं. हेडमास्तर त्यात बसले. त्यांनी बाईंना म्हटलं, “तुमची गाडी इथंच राहू द्या, उद्या कुणालातरी पाठवू. तुम्ही आमच्यासंगं चला.” बाईंनी मान हलवली. “मी आणली त्यांना, मीच मागनं येते.” किल्ली त्यांच्या मुठीत होती.

मी मागच्या सीटवर बसले. पुढं बस असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि माझीही तिथं बसायची छाती झाली नाही. त्या सीटवर साहेबांचा मफलर तसाच पडला होता. पुढं शववाहिका, मागं आम्ही. ऊन उतरायला लागलं होतं. बोरामणी मागं पडली, आणि बाईंनी एकाएकी गाडी कडेला घेतली.

मला वाटलं, आता त्यांना रडायचंय. त्या उतरल्या, पुढून वळसा घालून डाव्या बाजूला आल्या आणि खाली बसल्या. पुढच्या डाव्या चाकाच्या मधोमध त्यांनी हाताचा तळवा लावला. चटका बसून झटकन काढला. परत लावला.

“बेरिंगच हाय,” त्या म्हणाल्या. “ह्यांच्याच बाजूचं.”

“बाई, राहू द्या आता ते.”

“इटकळला मी विचारलं त्यांना.” त्या चाकाशीच बोलत होत्या. “म्हणलं, अहो, गुणगुणल्यागत काहीतरी वाजतंय, तुमाला येतंय का ऐकू? तर काही बोलले न्हाईत. डोळे मिटलेले, मान अशी. मला वाटलं, ऐकतायत.” त्यांनी मान कलती करून दाखवली. “म्हणून मी पण गप बसले. म्हणलं, आपण बोललो तर त्यांना ऐकू येणार न्हाय. इटकळपासनं दवाखान्यापातूर मी तोंडातनं शब्द काढला न्हाय, सुरेखा. त्यांना नीट ऐकू यावं म्हणून.”

मग त्या चाकाला टेकून रस्त्याच्या कडेला बसल्या आणि ज्या आवाजात रडल्या, तो आवाज मी कुणाला सांगू शकणार नाही. ट्रक जात होते. प्रत्येक ट्रकच्या वाऱ्यानं गाडी हलायची. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले होते आणि त्यांची पाठ किती लहान आहे हे मला पहिल्यांदाच कळलं.

रात्री सुमेध पुण्याहून येऊन पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिशरण, पंचशील झालं, आणि साहेबांना नेलं. तेराव्या दिवसाची वगैरे वाट त्यांच्यात बघायची नव्हती. आठव्या दिवशी बाई शाळेत हजर झाल्या. बसनं.

मी समजले, बेरिंग बदलायचं राहिलंय म्हणून गाडी नाही आणली. महिना झाला, दोन झाले. एका रविवारी मी त्यांच्याकडं गेले. गाडी अंगणात होती. काचेवर धूळ, पुढचं डावं चाक हवा जाऊन बसलेलं. वायपरखाली वाळली पानं अडकली होती. ज्या बाईंनी इतकी वर्षं ऑइलच्या काडीवरची रेघ चुकू दिली नाही, त्यांच्या अंगणात गाडीच्या बॉनेटमध्ये उंदरांनी घर केलं होतं, आणि त्या ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या.

“बाई, एकदा सुरू तरी करून बघा. नुसती उभी राहिली की खराब होती, तुम्हीच सांगायचा.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता.

“कुठं जायचंय?” त्या म्हणाल्या.

त्या पुन्हा त्या गाडीत बसल्या नाहीत. वर्गात मात्र कधी कमी पडल्या नाहीत. पाढे, उजळणी, “कुठं बिघडलं ते शोध,” सगळं तसंच. फक्त मधल्या सुट्टीत त्या लिंबाखाली नुसत्या उभ्या राहायच्या. नखं हळूहळू स्वच्छ झाली. एकदा हजेरीपटावर सही करताना त्यांच्या बोटांकडं माझं लक्ष गेलं, गुलाबी, धुतलेली, कुठल्याही बाईची असावीत तशी, आणि मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

गुडघे दुखायला लागले, रक्तदाब वाढला. मुदतीच्या दोन वर्षं आधीच त्यांनी नोकरी सोडली. सुमेध न्यायला येणार होता. चांगला मुलगा, आईनं एकटं राहू नये म्हणून वर्षभर मागं लागला होता. जायच्या आदल्या आठवड्यात बाईंनी अन्वरभाईंना बोलावलं आणि गाडीची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. अन्वरभाईंनी किल्ली डोळ्यांना लावली. म्हणाले, “बाई, दोन दिवसांत हिला चालू करतो. चालवतच नेतो, बघा तुमी.”

“नको,” बाई म्हणाल्या. “ढकलत न्या. मला आवाज नको.”

म्हणून चौघांनी ती ढकलत नेली. फाटकातून बाहेर काढताना बाई आत, दार लावून बसल्या होत्या.

पुण्याला त्या आठ महिने राहिल्या. आमचं फोनवर बोलणं व्हायचं. नातीला पाढे शिकवतेय म्हणायच्या. एका सकाळी चहा करता करता ओट्यापाशीच कोसळल्या. सुमेधनं मला चार दिवसांनी कळवलं. “आईनं आम्हाला काही करूच दिलं नाही,” तो म्हणाला.

माझ्या डोळ्यांसमोर राहिल्या आहेत त्या जळकोट सोडतानाच्या बाई. सकाळचे नऊ वाजले होते. सुमेधची नवी, उंच, पांढरी गाडी दारात. मागच्या सीटवर नातीची खुर्ची बांधलेली, तिच्या शेजारी बाई बसल्या. शेजारपाजारच्या बायका, अन्वरभाई, चौथीची सगळी पोरं जमलेली. सुमेधनं गाडी सुरू केली. ती इतकी मुकाट सुरू झाली की सुरू झाली हे कळलंच नाही. तेवढ्यात बाईंना मला काहीतरी सांगायचं आठवलं. त्या काच खाली करायला लागल्या. दारावर त्यांचा हात फिरला, कळ सापडली, दाबली. काच हलेना. नातीनं उघडू नये म्हणून मागच्या काचा सुमेधनं पुढून बंद करून ठेवलेल्या असतात. बाईंनी परत दाबली. मग थोडं वाकून, चष्मा सावरून त्या दाराकडं बघायला लागल्या, कुठं अडलंय म्हणून. गाडी सरकली. त्यांनी मान वर केली, तळहात काचेला टेकवला आणि आतूनच मला काहीतरी म्हणाल्या. ओठ हलले. दोन शब्द असतील, तीन असतील.

मी गाडीबरोबर थोडी धावले. “काय बाई? काय म्हणालात?” पण गाडी तोवर हायवेला लागली होती.